मचूळ

वैशाखात विहीर खोटं बोलत नाही.
दोन परस खाली तळाचा कातळ दिसतो,
नि कुंपणापलीकडे केळशीची खाडी.
भरतीला ती जमिनीखालून हात घालते,
आमच्या रहाटाखाली मूठभर मीठ ठेवून जाते.

खारट म्हणायचं नाही. मचूळ म्हणायचं.
पंधरा वर्षं मी हा शब्द पाहुण्यांपुढे ठेवला
पेल्याच्याही आधी.
"जरा मचूळ आहे हां."
ते एक घोट घेऊन म्हणायचे, "छे, काही नाही,"
आणि पेला तसाच भरलेला
ओटीच्या कडेवर सोडून उठायचे.

तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाण्याला दाणा.
साबण अंगावरून नुसता घसरायचा.
हंड्याच्या आत पांढरं कवच,
नखानं खरवडलं तर शिंपल्यासारखं सुटायचं.

मग दत्तारामला मुतखडा झाला.
दापोलीचे डॉक्टर म्हणाले,
"पाण्याला दोष देऊ नका, पण पाणी भरपूर प्या."
भरपूर!
येताना एसटीत आम्ही दोघं हसत होतो,
तो कमरेला हात लावून.

भिशीचा नंबर लागला तेव्हा
बांगडी करायची होती. केली नाही.

मंडणगडहून अझीम मुकादम आला,
मोटरसायकलवर खोका बांधून.
पेनासारखं काहीतरी त्यानं कळशीत बुडवलं:
एक हजार सहाशे चाळीस.
आकडा ऐकून सासरे ताठ बसले,
जणू कुणी त्यांचं वय विचारलं.

चिऱ्याच्या भिंतीला भोक पडलं,
सगळ्या भांड्यांवर तांबडी धूळ.
"आत जाळी असते," अझीम सांगत होता,
"पाणी जातं, मीठ अडतं."
दत्तारामचा सगळा जन्म जाळ्यात गेलेला.
त्यानं विचारलं, "आस किती?"
अझीम जरा थांबला.
"दिसत नाही, दादा, इतकी."

पहिली टाकी ओतून द्यायची म्हणाला.
माझा हात होईना.
दुसऱ्या टाकीत पेन बुडवलं: अठ्ठावन्न.
प्यायले. चव नव्हती.
जीभ सवयीनं काहीतरी शोधत राहिली,
अंधारात काडेपेटी चाचपावी तशी.
सासऱ्यांनी पेला उजेडात धरला,
"ह्या पान्याला गावच नाय," म्हणाले,
नि दुसऱ्या दिवसापासून
पेज मात्र ह्याच पाण्याची मागू लागले.

त्या रात्री डाळीला सवयीनं सहा शिट्ट्या दिल्या.
झाकण उघडलं तर डाळ कुठेच नाही,
नुसतं पिवळं, गुळगुळीत.
हिंग-मिरचीची फोडणी दिली. कुणी काही बोललं नाही.
पातेलं मात्र पुसून खाल्लं.

फुकट काही नाही.
एक हंडा गाळायचा तर दोन हंडे
काळ्या नळीतून बाहेर, विहिरीहून खारे.
ते मी हौसेनं लाल माठाला घातलं,
आठवड्यात पानं कडेनं करपली.
आता ते माडाच्या आळ्यात. माडाला मीठ सोसतं.
उरलेलं मासळीच्या टोपल्यांना, संडासला.
नळीखाली बादली ठेवायची, लक्ष ठेवायचं.
वीज गेली की टाकीत आहे तेवढंच;
तेव्हा लेक पेले मोजते
आणि शेजारच्या सुरेखाला एक जास्त देते.

परवा नणंदेच्या सासरची माणसं आली.
मी तांब्या-पेला घेऊन बाहेर गेले,
तोंड उघडलं: "जरा..."
पुढचा शब्द कुठे ठेवावा कळेना.
म्हाताऱ्या पाहुण्यांनी पेला एका दमात रिकामा केला,
मिशी पुसली,
"आणखी आहे?"

आहे की, म्हणत मी वळले
आणि मागल्या दारी पाण्याचा आवाज आला.
बादली कधीच भरली होती.
पायऱ्यांवरून, तुळशीच्या रोखानं,
ते खारं पाणी निघालं होतं.
तांब्या तसाच हातात धरून
मी धावले.